सही अण्णांचीच होती

नोटीस आल्यापासून घरातली माणसं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होती. पाणी दे, दिवा घालव, बाहेर कोण आलंय बघ. शेवटी अण्णांच्या थोरल्या लेकीच्या मुलीनं फर्मान काढलं: सुट्टीच्या दिवशी दुपारी सगळ्यांनी खाली दुकानात यायचं, शटर लावून घ्यायचं आणि जे काय आहे ते एकदाच बोलून टाकायचं. तिला वकिलीची सनद मिळून फार दिवस झाले नव्हते, तरी घरात तिच्या शब्दाला वजन आलं होतं. आत्या तर तिला ‘वकीलबाई’ अशीच हाक मारायची, निम्मं कौतुकानं, निम्मं टोचून.

थोरली सगळ्यांच्या आधी खाली आली. पुढे काचेचं काउंटर, त्यात चष्म्यांच्या फ्रेमा. मागे डोळे तपासायची अरुंद खोली, तिच्या टोकाला अक्षरांचा तक्ता. आणि सगळ्यात मागे कारखाना. नाव कारखाना, पण होती ती एक खोलीच. भिंग घासायचं चाक, भिंगाचा नंबर मोजायचं यंत्र, स्क्रूंच्या डब्या, आणि हवेत कायम ओल्या काचेच्या भुकटीचा वास. नव्या बाजारातली तिच्या धाकट्या भावाची शाखा बुडाल्यापासून तिथले उंच आरसे इथेच भिंतीला टेकून उभे होते. खुर्च्या मांडताना थोरलीच्या लक्षात आलं, की कुणी कुठंही बसलं तरी त्याला स्वतःचं तोंड दिसणारच. तिनं एका आरशावर चादर टाकली. बाकीच्यांवर टाकायला चादरी नव्हत्या.

अण्णा कठड्याला धरून जिना उतरले. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा, जसे गिऱ्हाइकांसमोर बसत तसे. थोरली हात द्यायला पुढे झाली नाही. अण्णांना ते खपत नसे.

मग धाकटा आला. चाळिशी उलटली तरी घरात त्याला ‘बाळ’च म्हणत. त्याच्यामागून त्याची बायको आली आणि दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसली. आत्या शेवटी आली. अण्णांची ही एकुलती बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि या घरातल्या प्रत्येक गोष्टीत आपला वाटा आहे असं धरून चालायची.

“शटर लावून बसायचं म्हणजे आपणच चोरी केल्यासारखं वाटतं,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. बाळनं खाली बघितलं.

वकीलबाईनं कराराची पानं टेबलावर पसरली. “मामांच्या शाखेसाठी काढलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी म्हणून कार्ड कंपनीनं आजोबांवर दावा लावलाय. दुकान आणि वरचं घर त्यांच्या नावावर आहे, म्हणून कंपनीची नजर त्याच्यावर आहे. बाकी सगळं नंतर. आज एवढंच बघायचं, की हा करार आजोबांना कायद्यानं बांधतो की नाही.”

“सही आहे म्हटल्यावर बांधणारच की,” बाळ म्हणाला.

“सही असली म्हणजे संपलं असं नसतं, मामा. सही कुणाची, कशावर, काय समजून केली, सगळं बघतात.” तिनं शेवटचं पान आईपुढे सरकवलं. “आई, तू सांग. ही सही आजोबांचीच ना?”

थोरलीनं पान दिव्याखाली धरलं. हाताच्या अंतरावर नेलं, जवळ आणलं. उगाच. एका नजरेत तिनं ओळखली होती. पहिलं अक्षर रुबाबदार, मग घसरण, शेवटची शेपटी चौकोनाबाहेर.

“अण्णांचीच आहे.”

“ठीक. म्हणजे खोट्या सहीचा मुद्दा गेला. दावा मुदतीत लावलाय, तिथंही काही हाती लागत नाही. व्याज वाटेल तसं वाढवलंय, ते कोर्ट थोडंफार छाटेल, पण मूळ मागणी तशीच राहील.” ती काउंटरवरचं हातभिंग घेऊन पानावर वाकली. “आता हे बघ. चौकोनाच्या वर छापलंय, ‘वरील सर्व अटी मी वाचल्या असून त्या मला समजल्या आहेत.’ सही या ओळीच्या खाली हवी होती. आजोबांची सही थेट ओळीवरून गेलीय. आणि त्याच्याखाली आहे, ‘अर्जदारास वाचता येत नसल्यास अटी समजावून सांगणाऱ्याचे नाव व सही.’ ती जागा कोरी आहे.”

“एवढी बारीक अक्षरं?” आत्यानं मान पुढे काढली. “हा कागद तिकडे तक्त्याच्या जागी लावा. सगळं गाव आंधळं ठरेल.”

वकीलबाईनं भिंग खाली ठेवलं. “आई, मला एक सांग. ही सही झाली तेव्हा आजोबांना वाचता येत होतं का?”

प्रश्न तसा साधा होता. पण खोलीतल्या प्रत्येकानं, अण्णा सोडून, थोरलीकडे बघितलं.

अण्णांना काचबिंदू होता. दुसऱ्या शहरातल्या डोळ्यांच्या डॉक्टरनं ते पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा बरोबर थोरलीच होती. नजर कडांकडून मिटत येईल, गेलेली परत येणार नाही, असं तो म्हणाला होता. परतीच्या गाडीत अण्णांनी एवढंच सांगितलं, “घराबाहेर जाऊ द्यायचं नाही हे.” नवऱ्याच्या मागे लेकीला घेऊन माहेरी आलेल्या थोरलीनं तेव्हापासून दुकान अंगावर घेतलं. तक्ता अण्णांना तोंडपाठ होता. गिऱ्हाईक अडखळलं की ते बरोबर टोकत, “नीट बघा, तिसरं अक्षर चुकलं.” कोण शंका घेणार? भिंगं मात्र थोरली बदलायची, नंबर थोरली ठरवायची, चाकावर थोरली घासायची. प्रमाणपत्र अण्णांचं होतं, पाटी अण्णांची होती. अण्णांना दिसेनासं होतंय एवढं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कधीपासून आणि किती, ते तिलाच ठाऊक होतं.

“चष्मा लावून थोडंफार वाचायचे,” ती म्हणाली.

“आई, मी तुझी मुलगी म्हणून विचारत नाहीये. कोर्टात विचारतील तसं विचारतेय.”

“मग कोर्टात विचारू दे.”

“अगं पोरी, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?” आत्या उसळली. “चष्मेवाल्याला दिसत नव्हतं असं भर कोर्टात सांगायचं? या उंबऱ्याला कुत्रंही शिवणार नाही उद्यापासून! लोक येऊन काचा फोडतील. पोरानं चुकीच्या माणसांच्या नादी लागून शाखा काढली, बुडाली. घरासाठीच केलं ना? मग घरानं निस्तरायचं.”

एरवी आत्याचं आणि थोरलीचं एका वाक्यावर जमत नसे. पण आता थोरली म्हणाली, “आत्या बरोबर बोलतेय. वरचं घर विकू. माझा वाटा आधी जाऊ दे. आपण दोघी इथे कारखान्यात राहू. अण्णा आत्याकडे राहतील.”

“म्हणजे करार खरा धरायचा?”

“धरायचा.”

“जो मुळात उभाच राहत नाही, तो आपण हातांनी धरून उभा करायचा?” वकीलबाईचा आवाज चढला. “आई, तू आजोबांचं नाव वाचवतेयस की तुझं काम?”

मुलीनं नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. बरोबर भिंग बसल्यावर खुर्चीतल्या माणसाच्या कपाळावरची आठी कशी आपोआप सुटते, ते तिनं मुलीला कितीदा रंगवून सांगितलं होतं. त्या एका क्षणासाठी ती सकाळी उठायची. आणि प्रमाणपत्र नसताना हे सगळं केलं, हे बाहेर आलं की तिला त्या खोलीत पाऊल टाकता येणार नव्हतं.

मुलीला आपलं बोलणं लागल्याचं कळलं असावं. तिनं नजर वळवली. “मामा, सही तुम्ही घेतलीत. आजोबांना अटी वाचून दाखवल्या होत्या?”

“दाखवल्या की.”

“सगळ्या?”

“सगळ्या म्हणजे... मुख्य मुख्य. कार्ड आहे, दुकानाच्या नावावर मिळतंय, असं सगळं सांगितलं.” तो आरशातल्या स्वतःकडे बघून बोलत होता. “अण्णा हो म्हणाले, मग सही घेतली. लहान मूल आहेत का ते?”

“विम्याचे कागद म्हणाला होतात तुम्ही.”

आवाज इतका हळू होता की कोण बोललं ते थोरलीला आधी कळलंच नाही. दाराजवळच्या स्टुलावरून बाळची बायको बोलली होती.

“तू गप बस,” बाळ म्हणाला.

“गप बसूनच इथवर आलोय.” तिनं पदराशी चाळा करणारे हात मांडीवर घट्ट धरले. “त्या दिवशी घरी येऊन तुम्हीच मला हसत सांगितलं. दुकानाच्या विम्याचे कागद आहेत म्हणालो, अण्णांनी विचारलंसुद्धा नाही, कुठे करू एवढंच विचारलं. तेव्हा मलाही हसू आलं होतं. आठवतंय मला. म्हणूनच झोप लागत नाही.”

“बाळ,” आत्याचा आवाज एकदम बदलला. “इकडे बघ. आरशात नको, माझ्याकडे बघ. खरं आहे हे?”

बाळ उठला. दोन पावलं गेला, पण त्या एवढ्याशा खोलीत जायला जागाच नव्हती. भिंग घासायच्या चाकापाशी तो पाठमोरा थांबला.

“मग काय करणार होतो?” तो म्हणाला. “मला कोण कार्ड देणार होतं? माझ्या नावावर काय होतं? ताई दुकानात, ताई कारखान्यात, ताईच्या हातात किल्ल्या. मी आपला गल्ल्यावर बसून सुटे पैसे देणारा. एक गोष्ट स्वतःची करून दाखवायची होती. खरं सांगितलं असतं तर अण्णांनी सही दिली असती?”

“विचारून बघायचंस,” अण्णा म्हणाले.

दुपारभरातलं त्यांचं ते पहिलं वाक्य. ते रागावून बोलले नव्हते, त्यामुळे ते ऐकणं जास्त अवघड गेलं.

मग अण्णांनी नातीच्या दिशेनं हात केला. “तो कागद वाच बघू मला. पहिल्या ओळीपासून.”

“सगळा, आजोबा? फार वेळ लागेल.”

“लागू दे. माझ्या सहीचा आहे ना? कशावर केली ते तरी कळू दे.”

तिनं भिंग उचललं आणि वाचायला सुरुवात केली. कंपनी म्हणजे कोण, ग्राहक म्हणजे कोण, थकबाकी कशाला म्हणावं. झरोक्यातलं ऊन जमिनीवरून सरकत टेबलाच्या पायावर चढलं. अण्णा मान तिरकी करून, एक कान पुढे करून ऐकत होते. मध्येच म्हणायचे, “थांब. ‘पूर्वसूचनेशिवाय कोणत्याही वेळी’ म्हणजे त्यांना वाटेल तेव्हा?”

“हो.”

“आणि आपल्याला कळवायचंही नाही?”

“नाही.”

“हं. पुढे.”

आत्याला डुलकी लागली. दचकून जागी झाली आणि म्हणाली, “अजून संपलं नाही? आमच्या लग्नातसुद्धा एवढं काही वाचलं नव्हतं.” या वेळी बाळची बायको किंचित हसली आणि लगेच तिनं डोळे पुसले. बाळ चाकापाशीच उभा होता. थोरली त्याच्याकडे बघत होती. आपण एकाच घरात वाढलो आणि हा किल्ल्यांकडे बघतोय हे आपल्याला एकदाही दिसलं नाही, हे तिच्या मनातून जात नव्हतं.

वाचून संपलं तेव्हा नातीचा घसा बसला होता. ती पाणी प्यायली आणि तिनं विचारलं, “आजोबा, हे तेव्हा ऐकलं असतंत, तर सही केली असतीत?”

अण्णांनी टेबलावर हात फिरवून कागदाची कड शोधली.

“केली असती,” ते म्हणाले. “पोरगा म्हणाला असता, अण्णा, मला दुकान मांडायचंय, तर डोळे मिटून केली असती. तसेही मिटलेलेच होते.”

बाळनं चाकाची कड दोन्ही हातांनी धरली आणि मान खाली घातली. तो रडतोय हे त्याच्या खांद्यांवरून कळत होतं.

“पण कोर्ट ते विचारणार नाही,” नात हळूच म्हणाली. “तेव्हा तुम्हाला कळलं होतं का, एवढंच विचारेल.”

“नव्हतं कळलं. आणि दिसतही नव्हतं. दोन्ही खरं आहे, तर दोन्ही सांगू.”

“अण्णा!” थोरली उभी राहिली. “तुम्हाला सोपं आहे हो म्हणायला. तुमचं नाव जाईल. माझे तर हातच जातील. दुसरं काही येत नाही मला.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे तरी?”

“तरी.” अण्णांनी तिच्या आवाजाकडे तोंड वळवलं. “घर विकून तू माझी लाज झाकशील. पण मग याला जन्मभर वाटेल की आपण बापाला खरंच वाचून दाखवलं होतं. आणि तू जन्मभर माझ्या प्रमाणपत्राखाली बसशील, चोरासारखी. मला ते नकोय. परीक्षा दे तुझी तू.”

“या वयात?”

“वय बघून नंबर देतेस का तू?”

थोरली परत खुर्चीत बसली. तिला राग आला होता, आणि तो राग कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं.

बाळ वळला. त्याचा चेहरा ओला होता. तो भाचीला म्हणाला, “विम्याचे कागद सांगून मी सही घेतली. लिहून घे तसं.”

“मामा, मी लिहून घेणार नाही.” ती कागद गोळा करत होती. “हे बोललात की कंपनी तुमच्या मागे लागेल. फसवून सही घेतली म्हणून आणखीही काही होऊ शकतं. मी आजोबांची वकील आहे, तुमची होऊ शकत नाही. दुसरा वकील गाठा, त्याला सगळं सांगा, मग ठरवा.”

“ठरलंय,” बाळची बायको म्हणाली. “मी जाते त्यांच्याबरोबर.”

तारीख लागली त्या दिवशी कोर्टात गर्दी नव्हती, पण ओळखीची तोंडं होती. बातमी फुटायची तशी फुटली होती. अण्णांना साक्षीच्या पिंजऱ्यात बाळनं हात धरून नेलं. त्यांनी नेऊ दिलं. कंपनीच्या वकिलानं कागद उलटसुलट करून फार वेळ घालवला नाही. त्याचा एकच प्रश्न तयार होता.

“तुम्ही म्हणता, तुम्हाला त्या वेळी दिसत नव्हतं. त्याच काळात तुम्ही लोकांचे डोळे तपासत होतात. मग कोर्टाशी खोटं बोलताय, की गिऱ्हाइकांशी बोलत होतात?”

थोरली बाकाच्या कडेवर बसली होती. पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळून तिच्याकडे बघितलं. दोघांच्याही नाकावर तिनं घासलेली भिंगं होती.

“गिऱ्हाइकांशी,” अण्णा म्हणाले. “मी तपासत नव्हतो. माझी थोरली मुलगी तपासत होती. मी नुसता शेजारी बसायचो आणि श्रेय घ्यायचो. यात दोष असेल तो माझा.”

थोरलीनं मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली होती, पण अण्णा बोलत असताना ते बरं दिसलं नसतं.

निकाल लागायला वेळ लागला, पण लागला. अटी समजावून सांगितल्याचा कसलाच पुरावा कंपनीला देता आला नाही. डॉक्टरांच्या नोंदी आणि बाळची साक्ष कोर्टानं ग्राह्य धरली. करार अण्णांवर बंधनकारक नाही असं ठरलं, आणि दुकान, घर दोन्ही वाचलं. कंपनी बाळच्या मागे लागली. त्याच्या वकिलानं हप्त्यांवर तडजोड करून पुढची कारवाई टाळली, आणि बाळ एका मोठ्या दुकानात फ्रेमा विकायच्या नोकरीला लागला. त्याच्या बायकोनंही काम धरलं. सुटीच्या दिवशी दोघं येत, पण आता आधी विचारून येत.

डोळे तपासायच्या खोलीला थोरलीनं स्वतःच्या हातानं कुलूप लावलं. काउंटरवर सूचना लिहिली, की तपासणी बंद आहे, डॉक्टरांकडून नंबर आणल्यास चष्मा करून मिळेल. अण्णा मात्र रोज खाली येऊन काउंटरमागे बसत. जे येईल त्याला कारण स्वतः सांगत. ऐकून बरेच जण वळून जात. थोरली कारखान्यात परीक्षेचं पुस्तक उघडून बसे आणि तिच्या मुलीएवढ्या पोरापोरींसाठी लिहिलेले धडे पाठ करत असे.

एके दिवशी संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक आले. आल्या आल्या त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि काउंटरवर आपटला.

“फसवलंत तुम्ही मला. एवढी वर्षं या खुर्चीत येऊन बसलो.”

“हो,” अण्णा म्हणाले. “फसवलं.”

थोरली हातातल्या पुस्तकासकट कारखान्याच्या दारात आली. “नंबर चुकला होता का, सर?”

“चुकला असता तर बरं झालं असतं. भांडता तरी आलं असतं.” ते चष्म्याकडे बोट दाखवत होते, पण बोट चष्म्याच्या बाजूला चार अंगुळं पडत होतं. “नंबर बरोबरच आहे. त्याचाच जास्त राग येतोय.”

शिक्षक तसेच वळले, दारापर्यंत गेले आणि पायरीपाशी थबकले. पाय पुढे करून त्यांनी पायरी चाचपडली. मग परत आले, काउंटरवर हात फिरवून चष्मा शोधला, रुमालानं पुसला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बाहेर पडले.

अण्णांनी रस्त्याच्या बाजूला कान दिला.

“गेले?”

“गेले.”

“आणि चष्मा?”

“घालून गेले,” थोरली म्हणाली, आणि पुस्तकाचं पान उलटलं.